पाचवी कुपी

३ सप्टेंबर, मंगळवार

मंडळाची सचिव झाले. मागून घेतलं नाही, गळ्यात पडलं. मंडळाचे अध्यक्ष, आमचे सर, म्हणाले, ताई जाऊन वर्ष झालं, तिची जागा रिकामीच आहे, आता कुणीतरी पुढे या. त्याबरोबर सगळ्यांना आपापल्या कपातल्या चहात काहीतरी दिसायला लागलं. मग औषधवाल्या मावशी म्हणाल्या, "हिलाच करा की. कपाटाची किल्ली आधीच हिच्या घरात आहे." ठराव एकमताने मंजूर. ताईच्या पर्समध्ये किल्ली राहिली, म्हणून मी सचिव.

पहिलं काम, वार्तापत्रासाठी मंडळाची ओळख लिहिणे. काय लिहायचं? गावातले रसायनवाले महिन्यातून एकदा वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमतात. साबण, रंग, औषधं, पाणी, ज्याचं जे असेल ते. व्याख्यान होतं, प्रोजेक्टर रुसतो, बिस्किटं संपतात, आणि निघताना जो तो म्हणतो की तरुण मंडळी येत नाहीत. ताई हे सगळं अशा थाटात चालवायची, की जगाचा गाडा या खोलीतूनच हलतोय. आज तिच्या खुर्चीत बसले. थोडी उंच वाटली.

दुसरं काम मोठं आहे. दरवर्षी लोकांसाठी एक कार्यक्रम होतो, यंदा विषय 'वास'. मी साबण कारखान्यात सुगंध विभागात, म्हणून तेही माझ्याकडेच.

घरी आले तर आई ताईच्या कपाटापुढे जमिनीवर बसलेली. आईला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. माणसं ती पावलांवरून आणि वासावरून ओळखते. ताईचा प्रयोगशाळेतला पांढरा कोट तिच्या मांडीवर होता, कॉलर नाकाशी. म्हणाली, "धाकटे, यात आता ती नाही गं."

मी कोट घेऊन हुंगला. मला आली. पुसटशी, पण आली. तसं आईला सांगितलं नाही. का, ते माहीत नाही.

८ सप्टेंबर

शेवटच्या आठवड्यात ताई दवाखान्यात शुद्धीवर नव्हती. आई तिचा हात धरून बसायची आणि मधेच म्हणायची, "कुणाचा हात आहे हा?" जंतुनाशक, रबर, चिकटपट्टी. ताईचा तिथे वासही उरला नव्हता. आईचं तिचा निरोप घेणं राहून गेलं ते तेव्हाच.

मी पोटापाण्यासाठी वासच बनवते. लिंबाशिवाय लिंबाचा, फुलाशिवाय फुलाचा. मग हे का जमू नये? आईसाठी. दुसरं काही कारण नाही.

१२ सप्टेंबर

कोट काचेच्या बरणीत घालून रंगवाल्याकडे नेला. रंगवाला म्हणजे रंगाच्या कारखान्यातले मुख्य रसायनतज्ज्ञ, मंडळात सगळे त्यांना याच नावाने हाक मारतात. ताईच्या बरोबरीचे. हवेतले बारीक बारीक घटक वेगळे करून त्यांची ओळख पटवणारं यंत्र गावात त्यांच्याकडेच आहे. खरं तर ते रंगातल्या द्रावकांसाठी घेतलंय.

"काय आहे बरणीत?"

"ताईचा कोट."

त्यांनी ती हातात घेतली. बरणी कोमट केली, सुईने आतली हवा ओढली, यंत्रात सोडली. आम्ही पडद्याकडे बघत बसलो. एकेक शिखर वर यायला लागलं. धुण्याच्या साबणातली कस्तुरी, ती आमच्याच कारखान्याची. हाताला लावायच्या मलमातली लोकरीची चरबी. ताई काम करायची त्या पाणी तपासणी केंद्रातल्या क्लोरीनचे काही नातेवाईक. पेपरमिंट. आणि मग एक ठेंगणं पण स्पष्ट शिखर.

"हे?" मी विचारलं.

रंगवाल्याने चष्मा पुसला. "निकोटीन."

"ताई?"

"पंपघराच्या मागे. दिवसातून एक. पेपरमिंट त्यासाठीच."

"तुम्हाला कसं माहीत?"

"काडी माझी असायची."

मी हसले, तेही हसले. दोघं बराच वेळ हसत होतो. मग एकदम कुणालाच पुढे हसता येईना. त्यांनी बरणीचं झाकण लावलं आणि मला दिली नाही, हातातच धरून दारापर्यंत आले.

२० सप्टेंबर

जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात मिश्रणं करते. आतापर्यंत सगळी फसली. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, घरी न्यायची, आईच्या नाकाखाली धरायची. पहिल्या पट्टीला म्हणाली, "ही कोण बाजारात निघालेली बाई?" दुसरीला, "दुकान आहे नुसतं." कालच्या पट्टीपाशी मात्र थांबली. "जवळ आहे. पण ही तिच्या खोलीतली हवा झाली. ती आत्ताच उठून गेलीय."

निकोटीनचं सांगितलं तर शांतपणे म्हणाली, "मला काय माहीत नव्हतं? नाक अजून शाबूत आहे माझं. मी बोलले असते तर तिला लपवण्यातली मजा गेली असती."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, मी सोडून.

२६ सप्टेंबर

मासिक सभा. गंजावर व्याख्यान. गंज चढला तो श्रोत्यांना. वक्ते फार लांबायला लागले तेव्हा मी उठून म्हणाले, "लोखंड थांबेल हो, पण चहा गार होतोय." सगळे हसले. नंतर औषधवाल्या मावशी माझा दंड धरून म्हणाल्या, "अगं, हुबेहूब तीच."

घरी येईपर्यंत हे वाक्य तोंडात गोळीसारखं फिरवत होते.

१ ऑक्टोबर, मंगळवार

जमलं.

मी आतापर्यंत फक्त चांगले वास घालत होते, तिथेच चुकत होतं. माणूस चांगल्या वासांचा नसतो. आज घामातलं आंबट आम्ल अगदी सुईच्या टोकाएवढं घातलं, आणि ज्याचा वास एकट्याने घेतला तर नाक धरून पळावं असं आणखी एक द्रव्य, त्याहून कमी. पट्टी हलवली. ताई मागे उभी होती. वळून बघितलं नाही, बघितलं असतं तर नसती.

घरी कोटाच्या कॉलरला एक थेंब लावला, कोट आईच्या शेजारच्या खुर्चीवर टाकला आणि भाजी निवडायला बसले. आई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. चेहरा खुर्चीकडे वळवून, आवाज न चढवता तिने विचारलं, "केव्हा आलीस?"

मी उत्तर देणार होते. मग लक्षात आलं, मला विचारलेलं नाही.

७ ऑक्टोबर

आई जेवायला लागलीय. भात दुसऱ्यांदा घेते. दुपारी तिच्या खोलीतून बोलण्याचा आवाज येतो. शेजारीण काय म्हणाली, नळाला पाणी कधी आलं, असलंच सगळं. मधे थांबते, जेवढं समोरच्याने बोलावं तेवढंच, मग पुन्हा बोलते. काल मला म्हणाली, "दार लोटून घे धाकटे, तिला वारा बाधतो." लोटून घेतलं.

आईला बरं वाटतंय, यातच सगळं आलं. वास उडून जातो म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब लावावा लागतो. मला स्वतःला तो आता कमी येतो. नाकाचं असंच असतं, सरावतं. म्हणून थोडं जास्त घालते.

एक मात्र विचित्र आहे. जिथे मी कोट नेलाच नाही तिथेही मधेच ती येते. जिन्यात. बसमध्ये. आज वाचनालयात कपाट उघडलं तर आतून भपकन. खालचा पहारेकरी माझ्या पाठीमागून म्हणाला, "आज लवकर आलात बाई?" मी वळले तर तो ओशाळला. "माफ करा, मला वाटलं…" त्यालाही ती आली असणार. म्हणजे हे फक्त माझ्या डोक्यात नाही.

११ ऑक्टोबर

कार्यक्रमाची तयारी. पाच कुप्या ठरल्यात, प्रत्येकीवर नुसता आकडा. लोकांनी हुंगायचं आणि काय आठवतं ते सांगायचं. चार पक्क्या झाल्या. खोडरबर, कापलेलं गवत, डांबर, नवं पुस्तक. पाचवीचं सर विचारत होते. मी म्हटलं, आहे माझ्या मनात.

ताईला असं एकदम मागे ठेवायची सवय होती. सगळ्यात चांगलं शेवटी.

१४ ऑक्टोबर, सोमवार

रंगवाला घरी आले. खुर्च्यांची व्यवस्था बोलायला, असं म्हणाले. मी दार उघडलं आणि ते उंबऱ्याबाहेरच राहिले. पांढरे पडले. मी पाणी आणून दिलं.

"तू अंगाला लावतेस?" त्यांनी विचारलं.

"छे. कोटाला लावते. आईसाठी."

ते माझ्या केसांकडे बघत राहिले. ताईसारखा अंबाडा घालायला लागलेय, तो कामात सोयीचा पडतो म्हणून.

"कार्यक्रमात हे ठेवू नकोस," ते म्हणाले. त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. "माणूस गेलं की त्याचं जे जातं ते जाऊ द्यावं. मी तिला लग्नाचं विचारलं होतं, तुला ठाऊक आहे?"

नव्हतं. हेही नव्हतं.

"नाही म्हणाली. आई आहे, धाकटी आहे, म्हणाली. धाकटीचं मार्गी लागू दे, मग बघू. मग तुझं काही मार्गी लागलं नाही, आणि आम्ही पंपघराच्या मागे म्हातारे झालो."

मला राग आला. म्हणजे तेही माझ्याच खात्यावर. मी म्हटलं, "तुम्हाला नको असेल तर तुम्ही हुंगू नका."

ते उठले. दारात चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "थोडं दे. एखादी लहान बाटली असेल तर."

दिली.

१६ ऑक्टोबर

स्वयंपाकघरात आईच्या मागून जात होते, तिने हात मागे करून माझं मनगट पकडलं. "थोरले?"

मी बोलले नाही. हातही सोडवून घेतला नाही. तिने माझा तळवा गालाशी नेला आणि बराच वेळ तसाच ठेवला. दूध उतू गेलं तेव्हा सोडला.

माझा तळवा आईने गालाशी धरल्याचं मला आठवत नाही. धरला असेल.

१९ ऑक्टोबर, शनिवार

आज कार्यक्रम. नीट क्रमाने लिहिते, नाहीतर लिहिताच येणार नाही.

वाचनालयाची खोली भरून जिन्यापर्यंत माणसं. सर खुशीत. आईला पुढच्या रांगेत बसवलं होतं. ती यायला कबूल झाली याचंच मला कौतुक. रंगवाला अगदी मागे, खिडकीत. पट्ट्या वाटायला मावशी. खोडरबराला शाळा, गवताला मैदान, डांबराला रस्त्यावरच्या मारामाऱ्या. हशा चालला होता. मी ताईसारखी बोलत होते, ते मलाच ऐकू येत होतं.

मग पाचवी. मी म्हटलं, "हा वास कशाचा नाही, कुणाचा तरी आहे. कोण ते तुम्ही सांगा."

पट्ट्या फिरल्या. हशा विरत गेला. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पट्टी डोळ्यांशी नेली, जणू त्यावर काही लिहिलंय. म्हणाले, "आमच्या मास्तरीणबाई." मागून एक बाई म्हणाली, "नाही, ही माझी आत्या. तिचे हात." कुणी म्हणालं दवाखान्यातली परिचारिका, कुणी म्हणालं पहिली बायको. एक दांडगा ट्रकवाला, तो कसा आला होता कोण जाणे, तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. त्या खोलीत एकाएकी फार माणसं झाली होती. जेवढी बसली होती त्याच्या दुप्पट. प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी येऊन बसलेलं. मी टेबलामागे उभी राहून बघत होते आणि मला भीती वाटली. मला एकटीलाच तिथे कुणी दिसत नव्हतं. नाक सरावलेलं. इतक्या लोकांना ताई आली आणि मला नाही.

मग आई उठली. हाताने वाट चाचपत रांगेतून निघाली. ज्याच्या त्याच्या पट्टीपाशी थांबायची, वाकायची, हुंगायची आणि पुढे जायची. लोकांना वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. तशी ती टेबलापर्यंत आली.

"इथेही आहे," ती म्हणाली. "तिथेही आहे. त्या माणसाच्या खिशात आहे. किती जणांना वाटून टाकलंस गं तिला."

आवाज मोठा नव्हता. पण पुढच्या रांगांनी ऐकलं.

सरांनी आभार मानले. टाळ्या झाल्या. रंगवाल्याने आईला जिना उतरवला. मी मागून पट्ट्या गोळा करत राहिले. बऱ्याच जणांनी आपली पट्टी परत दिली नाही.

२० ऑक्टोबर

आई बोलत नाही. कोट खुर्चीवरून काढून तिने त्याची घडी घातलीय आणि ती माझ्या पलंगावर ठेवलीय.

वार्तापत्रासाठी लिहिलं, "मंडळाचा वार्षिक कार्यक्रम नागरिकांच्या उत्स्फूर्त प्रतिसादात पार पडला. पाचव्या कुपीने उपस्थितांना अंतर्मुख केले." सरांचा निरोप आला, नवे सभासद होताहेत, आणि पाचवी कुपी पुन्हा केव्हा ठेवणार असं लोक विचारताहेत. आत्याच्या त्या बाईंना तर बाटलीभर हवंय.

२२ ऑक्टोबर

संध्याकाळी आई न्हाणीघराच्या दारात पाट टाकून बसली होती. बंबातलं पाणी काढलेलं. म्हणाली, "बस इथे. केस सोड."

"आई, मी धुतले की परवाच."

"बस."

बसले. तिने माझं डोकं खाली वाकवलं आणि घासायला सुरुवात केली. लहान मुलाला न्हाऊ घालतात तसं, नखं लागेपर्यंत. साबण डोळ्यांत गेला.  मग म्हणाली, "पहिल्या दिवशी मी फसले. नाही म्हणत नाही. वाटलं, खरंच आली. दुसऱ्या दिवसापासून नाही."

"मग बोलत कुणाशी होतीस?"

"तिच्याशीच. पण ती नाही हे माहीत असून. धाकटे, मला दिसत नाही, वेड नाही लागलेलं. पावलं तुझी होती. तू उजवा पाय घासत चालतेस. त्या दिवशी मनगट धरलं तेही तुझं होतं."

"मग थोरले का म्हणालीस?"

तिने तांब्या भरला, ओतला. "तुला ते हवं होतं. इतका खटाटोप करत होतीस, नाही कसं म्हणू? आणि मलाही हवंच होतं. दोघी एकमेकींना फसवत होतो, चाललं होतं बरं. पण त्या दिवशी तिथे उभी राहिले आणि कळलं, सगळीकडे थोरली आहे, आणि जिच्याबरोबर मी आले ती कुठेच नाही. तुझा वास मला येईनासाच झालाय. एका घरात राहून, तू खोलीत आलीस की पायच ऐकत बसावं लागतं."

मी विचारायला नको होतं ते विचारलं. "माझा वास कसा होता?"

आईचे हात थांबले. तिने खूप विचार केला, ते मला तिच्या बोटांतून कळत होतं.

"आठवत नाही गं," ती म्हणाली. "तू झालीस तेव्हा थोरलीला ताप होता. मी तिच्यापाशी. तू काकूकडे वाढलीस वर्षभर. मग तुझ्या अंगाला नेहमी तिचेच कपडे असायचे. आणि मग तुझा तो साबण कारखाना. रोज नवा वास घेऊन यायचीस."

डोक्यावरून पाणी चाललेलं असतं तेव्हा रडलेलं कुणाला कळत नाही, हे एक बरं.

२८ ऑक्टोबर

कारखान्यातली मोठी बाटली टाकाऊ द्रावणांच्या पिंपात ओतली, झाकण घट्ट लावलं. तरी दुपारभर विभागात जो आला तो दारातच थबकला आणि इकडेतिकडे बघून विचारू लागला, "कोण आलंय?" मी म्हटलं, कुणी नाही.

सरांना कळवलं की पाचवी कुपी पुन्हा होणार नाही. त्यांनी प्रमाणं मागितली, मंडळाच्या संग्रही राहतील म्हणून. सांगितलं, राहिली नाहीत. खोटं. पाठ आहेत सगळी. बाटली पिंपात गेली, ही कुठे ओतू?

रंगवाल्याने त्यांची लहान बाटली परत केली नाही. मी मागितली नाही. आज वाचनालयाच्या जिन्यात भेटले तेव्हा दोघं एकमेकांपासून थोडे लांबूनच गेलो.

३ नोव्हेंबर, रविवार

कारखान्यातून आठवड्याची रजा घेतलीय. नुसत्या पाण्याने अंघोळ, बिनवासाचा साबणही नाही. कोट धुऊन वाळत घातला होता, वाळला, आत ठेवला. घरात तो वास नाही तेव्हा घर मोठं आणि गार वाटतं. कधी कधी मीच नकळत दाराकडे नाक करून उभी राहते. येत नाही. मग वाटतं, आत्ता आली असती तर मी सगळं पुन्हा सुरू केलं असतं.

सकाळी उन्हात बसले होते. आई काठी टेकत आली, माझ्या मागे स्टुलावर बसली आणि काही न सांगता तिने नाक माझ्या टाळूत खुपसलं. गेले काही दिवस रोज करते. काल म्हणाली होती, "अजून तीच आहे." परवाही तेच.

आज काहीच म्हणाली नाही. श्वास घेत राहिली. तिचा श्वास केसांतून कोमट खाली उतरत होता. मी मान हलवली नाही. अवघडली तरी नाही.

"काय येतंय?" शेवटी मी विचारलं.

"थांब," आई म्हणाली. "ओळखीचं नाहीये. घेऊ दे जरा."